आधुनिक गुलामगिरी, पुरवठा साखळीतील

आधुनिक गुलामगिरी, पुरवठा साखळीतील : एखाद्या उद्योगसंस्थेच्या स्वतःच्या कामकाजात, अथवा तिला माल, मनुष्यबळ किंवा सेवा पुरविणाऱ्या कंत्राटदारांच्या व पोटकंत्राटदारांच्या मालिकेत, धाक, फसवणूक, कर्ज किंवा असहायता यांच्या बळावर करवून घेतले जाणारे श्रम. माणसावरील मालकीहक्क आज कोणत्याही देशाचा कायदा मान्य करीत नाही. त्यामुळे या प्रकारात मजुराची खरेदी-विक्री उघडपणे होत नाही. त्याला काम सोडून जाता येत नाही, एवढीच त्याची खूण असते. कधी आगाऊ दिलेली रक्कम फिटलेली नसते, कधी पारपत्र मालकाच्या कपाटात असते, तर कधी परतीचे भाडे देण्याचे आश्वासन पाळले जात नाही. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगातील सुमारे २ कोटी ७६ लाख माणसे सक्तीच्या श्रमात अडकलेली होती. त्यांतील बहुसंख्य खाजगी व्यवसायांत होती.

प्राचीन व मध्ययुगीन गुलामगिरीत मालक आणि गुलाम समोरासमोर असत [⟶ गुलामगिरी]. व्यापारी उत्पादनाची व्याप्ती वाढली, तसे राबणारा आणि त्याच्या श्रमांचा लाभ घेणारा यांच्यामध्ये दलाल, मुकादम, अडत्या, जहाजमालक व घाऊक व्यापारी असे अनेक हात आले. यांपैकी प्रत्येकाला ‘माझा करार फक्त शेजारच्याशी आहे’, असे खरेपणाने म्हणता येऊ लागले. म्हणून या गुलामगिरीच्या प्रतिबंधाचा इतिहास हा प्राधान्याने एका प्रश्नाचा इतिहास आहे : मध्यस्थापलीकडे घडणाऱ्या गोष्टींची जबाबदारी खरेदीदारावर कितपत टाकता येईल?

साखरेवरील बहिष्कार : हा प्रश्न प्रथम इंग्लंडमध्ये साखरेच्या निमित्ताने विचारला गेला. एप्रिल १७९१ मध्ये ब्रिटिश संसदेने गुलामांचा व्यापार बंद करण्याचा विल्यम विल्बरफोर्स यांचा ठराव फेटाळला. त्याच वर्षी विल्यम फॉक्स या लंडनच्या पुस्तकविक्रेत्याने वेस्ट इंडीजची साखर व रम वर्ज्य करण्याचे आवाहन करणारे एक पत्रक काढले. त्यातील युक्तिवाद हिशेबी होता. आठवड्याला ५ पौंड साखर वापरणाऱ्या कुटुंबाने ती २१ महिने वापरली नाही, तर एका माणसाची गुलामगिरी अथवा हत्या टळेल, असे गणित फॉक्सने मांडले. ते कितपत अचूक होते हा भाग वेगळा. चहात साखर घालणारी गृहिणी आणि जमेकातील उसाचा मळा यांना एका हिशेबात आणणे हेच त्यातले नावीन्य होते. सुमारे ३ लाख लोकांनी साखर सोडल्याचा अंदाज टॉमस क्लार्कसन यांनी नोंदविला आहे. पुढे १८२० नंतरच्या दशकात एलिझाबेथ हेरिक यांच्यासारख्या स्त्रियांनी ही चळवळ पुन्हा उभारली.

या चळवळीत वेस्ट इंडीजच्या साखरेला पर्याय म्हणून भारतातील साखर पुढे केली गेली. ही साखर गुलामांच्या श्रमातून निर्माण झालेली नाही, अशा आशयाची अक्षरे कोरलेली साखरदाणी टेबलावर ठेवण्याची इंग्लंडमध्ये प्रथाच पडली. वस्तुतः ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलुखात शेतीवरील दास्याचे अनेक प्रकार रूढ होते. ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी रद्द करणाऱ्या १८३३ च्या कायद्यातून कंपनीचा प्रदेश वगळण्यात आला होता, आणि भारतात गुलामगिरीची कायदेशीर मान्यता १८४३ च्या ५ व्या अधिनियमाने काढून घेतली गेली. साखरदाणीवरील मजकूर कोणी मुलुखात जाऊन पडताळला होता, असे दिसत नाही. मालाच्या निर्दोषत्वाची ग्वाही विक्रेत्याने द्यायची आणि ती ग्राहकाने मानायची, ही पद्धत त्या वेळीच रुळली.

कोको प्रकरण : खरेदीदार कंपनीची जबाबदारी न्यायालयापुढे उघडपणे तपासली गेली ती पश्चिम आफ्रिकेतील कोकोच्या संदर्भात. गिनीच्या आखातातील साऊं तोमे व प्रिन्सिपे ही बेटे पोर्तुगालच्या ताब्यात होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे कोकोचे मोठे मळे उभे राहिले आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या चिमुकल्या बेटांची गणना जगातील अग्रगण्य कोको उत्पादकांत होऊ लागली. पोर्तुगालने आपल्या वसाहतींतील गुलामगिरी १८७५ च्या कायद्याने संपुष्टात आणली होती. त्यानंतर मळ्यांवर काम करणाऱ्यांना ‘सर्व्हिसाइश’, म्हणजे सेवक, असे नाव मिळाले. त्यांच्याशी ५ वर्षांचा करार होई. ही माणसे अंगोलाच्या अंतर्भागातून आणली जात. दलाल त्यांना कर्जापोटी, टोळीयुद्धातील कैदी म्हणून किंवा सरळ पकडून मिळवीत आणि शेकडो मैल चालवीत किनाऱ्यावर आणीत. बेंग्वेलाजवळ सरकारी अधिकाऱ्यापुढे त्यांना उभे करून संमती विचारली जाई, नोंद होई, हातावर शिक्कामोर्तबाचा कागद पडे. आणि कचेरीत गुलाम म्हणून शिरलेला माणूस करारबद्ध कामगार म्हणून बाहेर येई. ५ वर्षांनी करार आपोआप नवा होत असे. बेटावरून अंगोलाला परतलेला मजूर जवळजवळ कोणी पाहिला नव्हता.

या कोकोची एक मोठी खरेदीदार होती बर्मिंगहॅमजवळील बोर्नव्हिल येथील कॅडबरी कंपनी. काही वर्षी तिच्या गरजेच्या निम्म्याच्या आसपास कोको या बेटांवरून येई. कॅडबरी कुटुंब क्वेकर पंथाचे होते. ब्रिटनमधील गुलामगिरीविरोधी चळवळीत या पंथाचा वाटा मोठा होता आणि कामगारांसाठी बोर्नव्हिलला वसविलेले टुमदार गाव हा कंपनीचा लौकिक होता. १९०१ मध्ये विल्यम कॅडबरी (१८६७–१९५७) यांना त्रिनिदादच्या भेटीत साऊं तोमेच्या मजुरांविषयी ऐकीव माहिती मिळाली. पाठोपाठ विक्रीस निघालेल्या एका मळ्याचे पत्रक कंपनीच्या हाती आले. त्यात मालमत्तेच्या यादीत गुराढोरांबरोबर २०० काळे मजूर आणि त्यांची किंमत ३,५५५ पौंड अशी नोंद होती. एवढ्या स्पष्ट कागदानंतर संशयाला जागा राहिली नव्हती असे आज वाटते. कंपनीने मात्र खरेदी न थांबविता चौकशी करण्याचे ठरविले.

१९०३ मध्ये विल्यम कॅडबरी लिस्बनला गेले. मळेवाल्यांनी त्यांच्यापुढे त्याच वर्षीचा नवा मजूर कायदा ठेवला. त्यात किमान वेतनाची व परतीच्या निधीची तरतूद होती. पटत नसेल तर स्वतः येऊन पाहा, असेही त्यांनी सुचविले. कंपनीने जोसेफ बर्ट यांना पाठविण्याचे ठरविले. त्यांनी आधी पोर्तुगीज भाषा शिकून घेतली, १९०५ मध्ये ते साऊं तोमेला पोचले, तेथून अंगोलाच्या अंतर्भागात गेले आणि मोझँबीक व ट्रान्सव्हाल पाहून १९०७ मध्ये परतले. मजुरांपैकी बहुतेकांना त्यांच्या इच्छेविरुद्ध नेले जाते, हा त्यांच्या अहवालाचा निष्कर्ष होता. बर्ट प्रवासाची तयारी करीत असतानाच पत्रकार हेन्री नेव्हिन्सन (१८५६–१९४१) एका अमेरिकन मासिकातर्फे तोच मार्ग तुडवून आले. अंतर्भागाच्या वाटेवर टाकलेल्या आणि झाडांना लटकविलेल्या लाकडी बेड्या त्यांनी पाहिल्या. त्यांचे वृत्तांतवजा पुस्तक १९०६ मध्ये प्रसिद्ध झाले. अ मॉडर्न स्लेव्हरी हे त्याचे नाव. आजच्या कायद्यांनी स्वीकारलेली संज्ञा शंभरहून अधिक वर्षांपूर्वीच एका ग्रंथाच्या मुखपृष्ठावर आलेली होती.

बर्ट यांचा अहवाल लगेच प्रसिद्ध झाला नाही. ब्रिटिश परराष्ट्र खात्याने पोर्तुगालशी सबुरीने घ्यावे असा सल्ला दिला आणि मजकूर सौम्य करविला. त्यामागे भूतदयेपेक्षा वेगळे कारण होते. ट्रान्सव्हालच्या सोन्याच्या खाणींना पोर्तुगीज मोझँबीकमधून मजूर लागत आणि त्यासाठी १९०१ मध्ये पोर्तुगालशी तात्पुरता करार झाला होता. कोकोच्या साखळीतील अन्यायाविषयी बोलण्याची मुभा अशा रीतीने सोन्याच्या साखळीने आखडती ठेवली होती. पुरवठा साखळ्यांची ही गुंतागुंत या विषयावरील लेखनात बहुधा दुर्लक्षिली जाते.

सप्टेंबर १९०८ मध्ये लंडनच्या स्टँडर्ड या वृत्तपत्राने अग्रलेखात कॅडबरींवर दांभिकपणाचा आरोप केला. कुटुंबातील जॉर्ज कॅडबरी यांच्या मालकीच्या डेली न्यूज या उदारमतवादी पत्राने दक्षिण आफ्रिकेच्या खाणींतील चिनी करारबद्ध मजुरांच्या प्रश्नावर राळ उठविली होती. त्यांचाच कारखाना मात्र गुलामांनी पिकविलेला कोको घेत होता. कंपनीने अब्रुनुकसानीचा दावा लावला. दाव्याची सुनावणी होण्यापूर्वी विल्यम कॅडबरी स्वतः आफ्रिकेत जाऊन आले आणि मार्च १९०९ मध्ये कॅडबरी, फ्राय व राउनट्री या तिन्ही क्वेकर कंपन्यांनी साऊं तोमेचा कोको घेणे बंद केल्याचे जाहीर केले.

खटला १९०९ च्या अखेरीस बर्मिंगहॅम येथे चालला. वृत्तपत्राचे वकील एडवर्ड कार्सन यांच्या उलटतपासणीत, १९०१ पासून ८ वर्षे ज्या कोकोची खरेदी झाली तो गुलामांच्या श्रमाचा होता हे कंपनीला ठाऊक होते, असे विल्यम कॅडबरी यांना मान्य करावे लागले. तो कोको पिकविताना किती जीव गेले याचा काही अंदाज केला होता काय, या प्रश्नाला त्यांचे उत्तर नकारार्थी होते. कंपनीची बाजू अशी होती, की खरेदी चालू ठेवल्यामुळेच मळेवाल्यांवर व पोर्तुगीज सरकारवर दडपण आणता आले. खरेदी तोडली असती तर दुसऱ्या गिऱ्हाइकाने माल उचलला असता आणि बोलण्याचा अधिकारही गेला असता. पंचांनी निकाल कॅडबरींच्या बाजूने दिला. भरपाई मात्र एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा, ठरविली.

कंपनीचा युक्तिवाद पोकळ होता, असे म्हणणे अन्यायाचे होईल. बर्ट यांच्या प्रवासावर तिने खर्च केला आणि सरकारचा पिच्छाही पुरविला. दोष होता तो मुदतीचा. अमुक तारखेपर्यंत मजूर परत पाठविले नाहीत तर खरेदी बंद, अशी अट मळेवाल्यांना वेळीच घातली गेली नाही. ज्या कराराची मुदत ५ वर्षांची, त्याची चौकशी ८ वर्षे चालली. तेवढ्यात तो करार एकदा संपून नवाही झाला.

बहिष्कारानंतर कोकोची मागणी गोल्ड कोस्टकडे (सध्याचा घाना) वळली. तेथील कोको लहान शेतकरी स्वतःच्या जमिनीवर पिकवीत. १९११ मध्ये तो प्रदेश जगातील सर्वांत मोठा कोको उत्पादक झाला. साऊं तोमेवरून मजुरांची परतपाठवणी सुरू झाली, तरी पोर्तुगीज वसाहतींतील सक्तीचे श्रम पुढे अर्धशतक टिकले. १९६१ मध्ये त्यांविरुद्ध आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेकडे औपचारिक तक्रार केली ती नव्याने स्वतंत्र झालेल्या घानाने. पण घाना व शेजारच्या आयव्हरी कोस्टच्या कोकोशेतीवर राबणाऱ्या मुलांचा प्रश्न पुढे इतका तीव्र झाला, की २००१ मध्ये चॉकलेट उद्योगाला त्याविषयी एका करारनाम्यावर सही करावी लागली. साखरदाणीप्रमाणेच येथेही निर्दोष म्हणून निवडलेला पर्याय पुढे तपासावा लागला.

आंतरराष्ट्रीय करार व कायदे : राष्ट्रसंघाचा गुलामगिरीविषयक करार १९२६ मध्ये झाला. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या १९३० च्या २९ क्रमांकाच्या संकेताने शिक्षेच्या धाकाखाली आणि स्वेच्छेविना घेतलेले काम म्हणजे सक्तीचे श्रम, अशी व्याख्या केली. १९५६ च्या पूरक कराराने कर्जबंधनाचा त्यात समावेश केला आणि १९५७ चा १०५ वा संकेत राजकीय व आर्थिक हेतूंसाठी राज्यसंस्थेने लादलेल्या श्रमांविरुद्ध होता. या सर्वांचा रोख शासनांवर होता. खरेदीदाराचा विचार करणारा जुना कायदा म्हणजे अमेरिकेचा १९३० चा जकात अधिनियम. त्याच्या ३०७ व्या कलमाने सक्तीच्या श्रमातून निर्माण झालेल्या मालाच्या आयातीवर बंदी घातली. परंतु देशातील गरज भागण्याइतका माल देशात तयार होत नसेल तर बंदी लागू नाही, अशी पळवाटही ठेवली. ती बंद व्हायला २०१६ साल उजाडले.

ब्रिटनमध्ये फेब्रुवारी २००४ मध्ये मोरकॅम उपसागरात शिंपले वेचणारे किमान २१ चिनी मजूर भरतीच्या पाण्यात बुडाले. त्यांना आणणाऱ्या टोळीप्रमुखांना कोणताही परवाना लागत नव्हता. त्याच वर्षी अशा मुकादमांना परवाना आवश्यक करणारा कायदा झाला. २०१५ च्या आधुनिक गुलामगिरी अधिनियमाने मुकादमाकडून गिऱ्हाइकाकडे मोर्चा वळविला. त्याच्या ५४ व्या कलमानुसार ३ कोटी ६० लाख पौंड किंवा अधिक वार्षिक उलाढाल असलेल्या, वस्तू किंवा सेवा पुरविणाऱ्या प्रत्येक व्यापारी संस्थेने आपल्या कामकाजात व पुरवठा साखळीत गुलामगिरी नसावी म्हणून काय केले याचे निवेदन दरवर्षी प्रसिद्ध करावयाचे असते. ते संचालक मंडळाने संमत करून संचालकाने त्यावर सही करावी लागते. मात्र काहीच केले नाही, असे निवेदन दिले तरी कायद्याचे पालन होते. फ्रान्सच्या २०१७ च्या कायद्याने मोठ्या कंपन्यांवर प्रत्यक्ष दक्षतेचे कर्तव्य लादले, ऑस्ट्रेलियाचा २०१८ चा कायदा ब्रिटिश वळणाचा आहे आणि जर्मनीचा २०२१ मध्ये संमत झालेला पुरवठा साखळी कायदा २०२३ पासून अमलात आला. यूरोपीय संघाने २०२४ मध्ये सक्तीच्या श्रमाच्या मालावर बंदी घालणारा नियम केला. तो डिसेंबर २०२७ पासून लागू व्हावयाचा आहे.

सेवा-उद्योगातील प्रतिबंध : बँक, विमा कंपनी, रुग्णालय किंवा उपाहारगृह यांच्याकडे मळे वा खाणी नसतात, म्हणून त्यांचा या विषयाशी संबंध नाही असा समज पुष्कळ काळ होता. प्रत्यक्षात त्यांच्या इमारतीची रात्रीची सफाई, पहारा, खानावळ, कपडे धुणे, बांधकाम-दुरुस्ती ही कामे बाहेरच्या कंत्राटदाराकडे असतात आणि त्याची माणसे बहुधा तिसराच कोणी पुरवितो. कारखान्याचा माल निदान हातात घेऊन पाहता येतो. सफाईचा श्रम पहाटेपूर्वीच नाहीसा होतो.

२०१९ मध्ये बर्मिंगहॅमच्याच न्यायालयात पोलंडमधून गरजू माणसे आणून राबविणाऱ्या एका टोळीवरील खटले पूर्ण झाले. पीडितांची संख्या ४०० पर्यंत असावी असा पोलिसांचा अंदाज होता. ही माणसे शेतांवर व कचरा-पुनर्वापर केंद्रांत मनुष्यबळ पुरविणाऱ्या संस्थांमार्फत रीतसर कामाला लागली होती. वेतन बँकेत जमा होई, पण खाती टोळीच्या ताब्यात असत. कागद पाहणाऱ्याला सर्व काही ठीक दिसत होते. अनेक कामगारांचा पत्ता एकच असणे किंवा अनेकांचे वेतन एकाच खात्यात जाणे या खुणा कंपन्यांनी तपासाव्यात, असे आता सांगितले जाते.

प्रतिबंधाचे सर्वांत परिणामकारक साधन खरेदीच्या अटींतच आहे. निविदेत दिलेला दर हा लागणारी माणसे, कामाचे तास, किमान वेतन आणि कायदेशीर वर्गणी यांच्या बेरजेपेक्षा कमी असेल, तर फरक कोणाच्या तरी मजुरीतून निघणार हे कार्यालयात बसून समजते. त्यासाठी तपासनीस पाठवावा लागत नाही. कंत्राटदाराची देयके महिनोन्‌महिने थकविली की तो मजुरांचे पगार अडवितो आणि उचल देऊन त्यांना बांधून ठेवतो. नोकरी मिळविण्यासाठी मजुराने दलालाला दिलेले शुल्क हे पुढील कर्जबंधनाचे मूळ असते. म्हणून भरतीचा संपूर्ण खर्च मालकाने सोसावा, हे तत्त्व आता मान्यता पावत आहे. पूर्वसूचना देऊन केलेल्या एका दिवसाच्या तपासणीवर मात्र फारसे विसंबता येत नाही. मुकादमासमोर मजूर काय बोलणार? बर्ट यांनी भाषा शिकून जवळजवळ दोन वर्षे जे पाहिले, ते प्रश्नावलीतील चौकटींत उमटत नाही.

अन्याय आढळल्यास करार तत्काळ रद्द करणे, हा सोपा मार्ग मजुराला अनेकदा बुडवितो, कारण त्याचे थकलेले वेतनही जाते. संयुक्त राष्ट्रांनी २०११ मध्ये मान्य केलेली उद्योग व मानवी हक्क यांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे कंपनीने प्रथम आपले वजन वापरून सुधारणा घडवावी आणि ती घडत नसेल तर संबंध तोडण्याचा विचार करावा, असे सांगतात. १९०९ मध्ये कॅडबरींनी न्यायालयात मांडलेल्या भूमिकेला अशा रीतीने तत्त्वतः मान्यता मिळाली आहे. भरपाईची जबाबदारी मात्र तिच्यासोबत जोडली गेली आहे.

भारतातील स्थिती : भारतीय संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने बिगार व सक्तीचे श्रम यांना मनाई केली आहे आणि १९७६ च्या अधिनियमाने वेठबिगार पद्धत रद्द करून त्यापोटीची कर्जे नष्ट ठरविली. मध्यस्थापलीकडील जबाबदारीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला तो १९८२ मध्ये, दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांसाठी चाललेल्या बांधकामांच्या निमित्ताने. मजुरांचे किमान वेतन दररोज ९.२५ रुपये होते. कंत्राटदार ते जमादारांमार्फत देत, जमादार त्यातून १ रुपया दलाली कापून घेत आणि मजुराच्या हाती ८.२५ रुपये पडत. हे मजूर आमचे नसून कंत्राटदारांचे आहेत, अशी भूमिका शासकीय यंत्रणांनी घेतली. न्यायमूर्ती प्र. न. भगवती व न्यायमूर्ती बहारुल इस्लाम यांच्या न्यायासनाने ती अमान्य केली. काम करवून घेणाऱ्या यंत्रणेला कंत्राटदाराकडे बोट दाखवून मजूर कायद्यांची जबाबदारी टाळता येणार नाही, असे ठरले. किमान वेतनाहून कमी मोबदल्यात करावे लागणारे काम हेही सक्तीचे श्रम होत, कारण भूक हीसुद्धा एक सक्तीच आहे, असा व्यापक अर्थ न्यायालयाने लावला. सेवा-उद्योगातील कंत्राटी कामगारांच्या दृष्टीने हा निर्णय ब्रिटिश कायद्यातील निवेदनापेक्षा अधिक मूलगामी म्हटला पाहिजे. त्याची अंमलबजावणी मात्र मजुराने किंवा त्याच्या वतीने कोणी न्यायालयात जाण्यावर अवलंबून राहिली. भारतीय प्रतिभूती व विनिमय मंडळाने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना आवश्यक केलेल्या वार्षिक अहवालात सक्तीच्या श्रमांविषयी माहिती मागितली जाते.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे ठळक रूप ऊसतोडणीत दिसते. बीड व आसपासच्या दुष्काळी भागांतून दरवर्षी हंगामापूर्वी मजुरांच्या टोळ्या निघतात. पतीपत्नीच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात आणि तिला मुकादमाकडून आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, मिळते. तोडलेल्या उसाच्या टनावारी मजुरीतून ती फेडावयाची असते. हंगामात फिटली नाही तर पुढील हंगामावर चढते. साखर कारखान्याचा करार सामान्यतः ऊस वाहणाऱ्या वाहतूकदाराशी किंवा मुकादमाशी असतो आणि तोडणाऱ्यांची नावे कारखान्याच्या हजेरीपटावर नसतात.